दोन्ही टोकांना वात

"लाल! लाल उतरलं!"

पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली आणि दोनशे माणसं एकदम उभी राहिली. मागच्यांना काही दिसेना म्हणून ते खुर्च्यांवर चढले आणि त्यांच्याही मागचे "खाली बसा हो!" म्हणून ओरडू लागले. समोर टेबलावर पितळी स्टँड होता, स्टँडच्या मधोमध टोकदार खिळा आणि खिळ्यावर खोचलेली वीतभर उंचीची पांढरीशुभ्र मेणबत्ती. पाच मिनिटांपूर्वी तिच्यावरून पांढरे थेंब ओघळत होते. आता लालभडक थेंब यायला लागले होते. आधी एक, मग दुसरा, मग सलग ओघळच लागला.

मेणबत्तीसमोरच्या खुर्चीत ताई बसली होती, म्हणजे मेणमावशीची सख्खी मोठी बहीण. तिच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता. मेणमावशी तिच्या मागेच उभी होती, आणि खरं सांगायचं तर तिच्याही अंगावर काटा आला होता.

"मेणाला डोळे असतात, बाळांनो!" ज्योतबाबांनी दोन्ही हात उंच केले. "डॉक्टरच्या यंत्राला हाड दिसतं, मांस दिसतं. मेणाला कर्म दिसतं! मेण आणि मन, फरक तो कितीसा? मन कढलं की मेण रडतं!" बाबांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला काहीतरी कढायचं, वितळायचं नाहीतर पाझरायचं, आणि लोक माना डोलवायचे. "या माउलीच्या छातीत गाठ आहे. खरं की नाही?"

ताईने मान हलवली. "न सांगता ओळखलं!" म्हणून सभागृहात कुजबुज पसरली. चपला ठेवायच्या जागी एका वहीवाल्या सेविकेने "काय त्रास होतो हो ताई?" असं गोड आवाजात विचारलं होतं, हे त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही. ताईलाही नाही.

"हा आजार नाही, तळतळाट आहे. त्याला लोखंड लागलं की तो अंगभर पसरेल. तीन महिने शस्त्र लावायचं नाही. बुधवारी आणि रविवारी ज्योतीपुढे येऊन बसायचं."

ताईचं ऑपरेशन येत्या गुरुवारी होतं. "गाठ लहान आहे, वेळेत सापडली आहे," सर्जन बाईंनी सांगितलं होतं, "पण तीन महिन्यांनी आलात तर हेच वाक्य मला पुन्हा म्हणता येईल असं नाही." आणि बाबांनी नेमके तेच तीन महिने मागून घेतले होते.

सेविकेने फुंकर घालून मेणबत्ती विझवली आणि खिळ्यावरून उपसली, तेव्हा तिच्या बुडातून बोटाच्या पेराएवढी वात लोंबताना मेणमावशीला दिसली. खालची वात कापायची राहिली वाटतं, असं तिच्या मनात आलं. कारागिराला दुसऱ्याच्या कामातली खोट आधी दिसते, त्यातलाच हा प्रकार.

मेणमावशी हे नाव तिला इमारतीतल्या पोरांनी दिलं होतं. दिवसभर ती दातांच्या प्रयोगशाळेत मेणाचे दात कोरायची, त्यावरून पुढे खरे, म्हणजे खोटे, दात बनायचे. आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा मेणच वितळवायची. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. फुलांच्या, शिंपल्यांच्या, जाळीदार, दुरंगी मेणबत्त्या करायची आणि वाटून टाकायची. "न्हावी काही घरी जाऊन हौसेने केस कापत बसत नाही," असं ताई तिला चिडवायची. तीच ताई आता गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती.

"अहो, उद्या फोन करून तारीख रद्द करा," ती नवऱ्याला म्हणाली.

भावोजींनी आरशातून मेणमावशीकडे पाहिलं. त्यांची नजर मदत मागत होती.

"ताई, अगं वेड लागलंय का तुला? एका मेणबत्तीपायी..."

"तू पाहिलंस ना डोळ्यांनी? मग?"

पाहिलं तर मेणमावशीनेही होतं. मग घरी पोचल्यावर ताईच्या बाहीवर उडालेले लाल थेंब तिने नखाने खरवडले आणि कागदाच्या पुडीत बांधून घेतले. स्टँडखालच्या कापडावरचा एक पांढरा थेंबही तिने निघताना हळूच उचलला होता. का, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघरात तिने वाटीत कोमट पाणी घेतलं, दोन्ही तुकडे त्यात टाकले आणि पाण्यात थोडं थोडं गरम पाणी ओतत राहिली. प्रयोगशाळेत रोज करायची तेच हे काम. लाल तुकडा आधी सैल पडला, पसरला, पाण्यावर तेलासारखा तरंगू लागला. पांढरा मात्र जसाच्या तसा, कडक. म्हणजे मेणं दोन होती. दोन वेळा, दोन वेगवेगळ्या डब्यांतून ओतलेली. रडणाऱ्या मेणाने रडायच्या आधी आपली जातकुळी बदलली असेल, तर तो मात्र खरा चमत्कार म्हणायचा!

आणि तेवढ्यात तिला ती वात आठवली. बुडातून लोंबणारी. मेणमावशी तिथेच स्टुलावर बसली.

मागच्या वर्षी इमारतीच्या सभागृहात तिने तीन रविवार हौशी मेणबत्त्यांचा वर्ग घेतला होता. अकरा बायका आल्या होत्या. शेवटच्या रविवारी तिने 'लपलेला रंग' शिकवला. आधी वातीभोवती लाल मेणाची बारीक कांडी ओतायची, ती मोठ्या साच्यात उभी धरायची आणि भोवती पांढरं मेण सोडायचं. पांढरं फार गरम असलं तर लाल त्यात विरघळतं आणि सगळंच गुलाबी होऊन बसतं, म्हणून कडेला साय धरायला लागली की मगच ओतायचं. वाढदिवसाला पाहुण्यांना गंमत. त्या अकरा जणींत एक होती शांत, सगळं वहीत उतरवून घेणारी. गरम मेण सांडून तिचा अंगठा भाजला होता, आणि मेणमावशीनेच त्यावर गार पाणी धरलं होतं.

"बाई, खालची वात कापलीच नाही तर?" तिने विचारलं होतं.

"तर मेणबत्ती उभी राहणार नाही. खिळ्याच्या स्टँडवर खोचावी लागेल."

"आणि मग दोन्हीकडून लावता येईल?"

सगळ्या हसल्या होत्या. मेणमावशीही हसली होती. "येईल की! कुठलं टोक लावायचं हे ज्याला आयत्या वेळी ठरवायचं असेल, त्याच्यासाठी फारच सोयीची!"

आपणच केलेला विनोद आपल्यावर असा उलटेल, हे तिला कुठे माहीत होतं? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती उठली आणि तिने डबा गॅसवर चढवला.

दुसऱ्या दिवशी तिने ताईच्या जेवणाच्या टेबलावर आपली मेणबत्ती लावली. निम्म्या उंचीपर्यंतच लाल गाभा, वरून-खालून पांढरं, दोन्ही टोकांना वात. एका टोकाने लावली तर पांढरे थेंब. विझवून, उलटी करून लावली तर सहा मिनिटांत लाल. भावोजी तर "अरेच्चा!" म्हणून खुर्चीतून उठलेच.

ताईने एक लाल थेंब बोटावर घेऊन पाहिला.

"तुला बनवता येते, म्हणून बाबांची खोटी?" ती म्हणाली. "तुला मेणाचा दात करता येतो. म्हणून माझे दात खोटे का?"

मेणमावशीने फुंकर घालून मेणबत्ती विझवली. राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण बोलणं तसं बरोबर होतं. तिने फक्त असं करता येतं हे दाखवलं होतं. बाबा असंच करतात, हे दाखवायचं राहिलं होतं.

"बुधवारी मी पुन्हा बसणार," ताई म्हणाली. "पांढरं आलं तर तिथूनच दवाखान्यात. लाल आलं तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. तूसुद्धा."

तारीख रद्द करायचा फोन भावोजींनी केलाच नव्हता; बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत भरती व्हायचं होतं. दुपारी तीनला ते सभागृहात पोचले. भावोजींनी ताईची बॅग भरून गाडीच्या डिकीत ठेवली होती, तिला न सांगता.

चपलांपाशी तीच सेविका उभी होती, हातात तीच वही. मेणमावशीने तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. पांढुरका, गुळगुळीत डाग. वर्गातलीच ती; रविवारच्या गर्दीत ओळखूच आली नव्हती. सेविकेने तिच्याकडे पाहिलं आणि पेन धरलेला तिचा हात थांबला. मग ताई आणि भावोजी पुढे गेल्यावर ती जवळ आली आणि ओठ न हलवता बोलावं तशी बोलली.

"बाई, तुमच्या बहिणीला पांढरं येईल. मी बघते ते. तुम्ही फक्त गप्प बसा."

 जे मागायला मेणमावशी आली होती, ते तिला दारातच मिळत होतं. भांडण नको, तमाशा नको. पांढरं आलं की ताई आपल्या पायांनी दवाखान्यात जाणार होती. तिने मान हलवली. हो, हलवली. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपणही हलवलीच असती.

ताई खुर्चीत बसली. सेविकेने टोपलीतून मेणबत्ती काढली, बोटांत एकदा फिरवली, खिळ्यावर खोचली आणि वाकून बाबांच्या कानात काहीतरी सांगितलं. काडी ओढली. दोन मिनिटं. पाच. सात. आठव्या मिनिटाला पहिला जाड थेंब ओघळला. पांढरा. त्याच्या मागून दुसरा, तोही पांढरा.

"उतरला! तळतळाट उतरला!" बाबा गरजले. "जा माउली, आता लोखंडसुद्धा फुलासारखं लागेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भावोजींनी चष्मा काढून डोळे पुसले. ताई परत आली आणि तिने मेणमावशीचा हात घट्ट धरला. "बघितलंस? बाबांनीच सांगितलं. चला, निघू या."

ते दारापर्यंत पोचलेसुद्धा. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "ये बाळ, घाबरू नको."

खुर्चीत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बसली होती. शेजारी तिचे वडील हात जोडून उभे. मुलीच्या दंडावर सुयांचे बारीक बारीक ठिपके होते. मेणमावशी थांबली. सेविकेने मेणबत्ती काढली, बोटांत फिरवली, खोचली. पाच मिनिटांत लाल ओघळ आला.

"साखरेचा आजार नाही हा!" बाबा म्हणाले. "सुयांनी शरीर रागावलंय! एकवीस दिवस सुई बंद. फक्त ज्योतीचं दर्शन."

"आजपासून बंद," वडील म्हणाले आणि त्यांनी डोकं टेकवलं.

"खरंच बाबा? रोज नाही टोचायचं?" मुलीने वडिलांना विचारलं. तिचा चेहरा खुलला होता.

त्या मुलीला इन्शुलिनच्या सुया होत्या. त्या बंद केल्या तर एकवीस दिवस कशाला, काही दिवसांतच काय होतं, हे दवाखान्यांत वावरणाऱ्या मेणमावशीला चांगलं ठाऊक होतं. तिचा एक हात दारावर होता, दुसरा ताईच्या हातात. आत्ता तोंड उघडलं तर ताईचं पांढरंही खोटं ठरणार होतं. ताई दवाखान्याऐवजी सरळ घरी गेली तर? मग तिने ताईचा हात सोडला.

"थांबा! ती मेणबत्ती खोटी आहे!"

दोनशे माना वळल्या. "कोण ही?" "बाहेर काढा!" दोन दांडगे स्वयंसेवक पुढे आले, एकाने तिचं कोपर धरलं. पण बाबा हसले. धंद्यात मुरलेला माणूस, तो असा थोडाच डगमगतो?

"सोडा तिला. शंकेने मन काळं होतं, बाळांनो. बसू दे तिला ज्योतीपुढे. मेणच सांगेल."

"किती वेळात लाल येईल?" खुर्चीत बसत मेणमावशीने विचारलं.

"शंकेखोराला पाच मिनिटं पुष्कळ!"

सेविकेने नवी मेणबत्ती खोचली. ती काडी ओढणार एवढ्यात मेणमावशीने मेणबत्ती उपसली, उलटी केली आणि दुसऱ्या टोकाने खिळ्यावर दाबली.

"हात लावू नका!" बाबा एकदम ओरडले. इतका वेळ कढणारा, पाझरणारा आवाज पार फाटला होता.

"का? मेणबत्ती तीच, मी तीच, शंकाही तीच. मेणाला डोळे आहेत ना? मग उलटी धरली तरी दिसेलच की त्याला!"

 स्वयंसेवक पुन्हा पुढे सरकले. तेव्हा त्या मुलीचे वडील मधे आले.

"लावू द्या," ते म्हणाले.

"माझी ज्योत कुणाच्या..."

"बाबा, प्रश्न माझ्या पोरीचा आहे. पाच मिनिटंच तर आहेत." त्यांनी सेविकेच्या हातातून काडेपेटी घेतली आणि स्वतः वात पेटवली.

सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पांढरा थेंब. बारा. पांढरा. पंधराव्या मिनिटाला मागून कुणीतरी खोकलं तर सगळे दचकले.

"हिला... हिला पश्चात्ताप झाला!" बाबा म्हणाले. "मन निवळलं!"

"नाही हो, मला अजून तेवढीच शंका आहे," मेणमावशी म्हणाली आणि कुणीतरी फस्सकन हसलं. तिने मेणबत्ती विझवली, उपसली, सुलटी करून खोचली आणि मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा काडी ओढली. सहा मिनिटांत लाल ओघळ खाली आला.

या वेळी कुणी किंचाळलं नाही. मेणमावशीने पर्समधून दात साफ करायच्या दोऱ्याची डबी काढली, टोपलीतली एक कोरी मेणबत्ती घेतली, तिच्या पोटाला दोरा गुंडाळला आणि दोन्ही हातांनी करकचून ओढला. मेणबत्तीचे दोन तुकडे झाले. तिने एकेक तुकडा पुन्हा मधोमध कापला. एका भागात वातीभोवती नाण्याएवढा लाल गोल होता. दुसरा आरपार पांढरा.

"सगळ्या अशाच आहेत," ती म्हणाली. "अर्ध्या मेणबत्तीत मऊ लाल गाभा, अर्ध्यात नाही. वात दोन्ही टोकांना. खिळ्यामुळे खालची वात दिसत नाही. लाल हवं तर हे टोक वर, पांढरं हवं तर ते. तुमचा आजार चपलांपाशी वहीत लिहून घेतात. बहुतेकांना आधी लाल, कारण पांढरं आलेला माणूस घरी जातो आणि लाल आलेला घाबरून पुन्हा पुन्हा येतो. आणि अशी मेणबत्ती करायला..." तिने हातातला तुकडा खाली ठेवला. "मी शिकवलं. माझ्या घरी हौस म्हणून करते मी हे. वाढदिवसाची गंमत आहे ही."

लोकांनी सेविकेकडे पाहिलं. तिने फक्त टोपली उचलली आणि टेबलावर लोकांच्या पुढे सरकवली. मग जो तो मेणबत्त्या मोडून पाहू लागला. तुकड्यांचा खच पडला, आणि त्या गडबडीत बाबांची ध्यानाची वेळ झाली. ते मागच्या दाराने ध्यानाला गेले ते गेलेच.

मुलीचे वडील मेणमावशीपुढे आले. "संध्याकाळची सुई सातला असते," एवढंच ते म्हणाले आणि मुलीचा हात धरून निघाले. मुलगी मात्र मेणमावशीकडे रागाने बघत गेली. तिचंही बरोबरच होतं म्हणा.

मेणमावशीने मागे वळून पाहिलं. दारात ताई नव्हती.

ती धावतच बाहेर आली. ताई पायरीवर बसली होती आणि भावोजी गाडीपाशी किल्ली हातात घेऊन नुसते उभे होते. साडेचार वाजून गेले होते.

"म्हणजे माझं पांढरंही खोटंच," ताई म्हणाली.

"हो."

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो. गप्प बसले असते तर तू आत्ता दवाखान्यात असतीस. पण त्या पोरीच्या सुया..." मेणमावशीला रडू फुटलं. "ताई, चुकलं असेल तर मार मला, पण घरी नको जाऊस."

ताईने तिला ओढून शेजारी बसवलं. मग म्हणाली, "रविवारी लाल आलं ना, तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, सुटले. घाबरलेय गं मी. त्या टेबलावर आडवं व्हायचं, आणि मग उठेन की नाही... मला कुणीतरी 'जाऊ नकोस' म्हणायला हवं होतं. बाबा म्हणाले. मेणबत्ती खरी की खोटी, मी पाहिलंच नाही."

"भीती वाटणारच. मलाही वाटते."

"तू सांग, बरी होईन मी? नक्की?"

मेणमावशीला 'नक्की' म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण आजचा दिवस तसा नव्हता.

"नक्की कोण सांगणार, ताई? नक्की फक्त बाबा सांगायचे. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आहे. एवढंच मला माहीत आहे, आणि ते खरं आहे."

ताईने डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, उभे काय राहिलात? सहाच्या आत पोचायचंय. आणि घरी जाऊन माझी बॅग..."

"डिकीत आहे," भावोजी म्हणाले.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी झालं. गाठ निघाली. पुढची औषधं लांबली, केस गेले, परत आले. ताई आता पुन्हा न्हाव्याचा तोच विनोद करते.

मेणमावशीचे वर्ग अजून चालतात. पण आता पहिल्या दिवशी ती मेण वितळवत नाही. सगळ्यांच्या हातांत एकेक मेणबत्ती देते आणि ती आधी उलटी करून पाहायला सांगते. हेच आपण सगळ्यांनी करावं. उद्या तुमच्यासमोर मेणबत्ती रडेल, दगड घामेजेल, पाणी पेट घेईल. जरूर पाहा, नवल वाटलं तर वाटू द्या. पण हात जोडण्याआधी ती वस्तू हातात घ्या आणि खालून बघा. बघू देत नसतील तर का, ते सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत औषधाची एक गोळीसुद्धा चुकवू नका.